काहीच सापडले नाही, म्हणजे काय?



यंदा विज्ञान दिनाला आपल्या धर्मग्रामातील आठ-दहा तरुण मंडळी खोडदला जाऊन आली. पुण्याला जाताना नारायणगावहून डावीकडे आत वळले की खोडद. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. अशा एकंदर ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या पंचवीस किलोमीटरच्या टापूत शेताशिवारांतून पसरलेल्या आहेत. फेब्रुवारीच्या २८ तारखेला तिथे प्रदर्शन भरते. आपली मुले रात्री उशिरा परतली आणि पुढच्या रविवारी मिस्सानंतर आमच्यापुढे दोन प्रश्न ठेवून मोकळी झाली.

एकाने विचारले, "फादर, विश्वातला बराचसा पदार्थ कुणाला दिसत नाही, तरी शास्त्रज्ञ तो मानतात. मग देव दिसत नाही म्हणून हसणाऱ्यांना तुम्ही प्रवचनात हे उदाहरण का देत नाही?" दुसरा प्रश्न इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलीचा. परतीच्या वाटेवर तिने मोबाइलवर वाचले होते, की मुंबईच्या शास्त्रज्ञांनी काहीच न सापडल्यावरून या अदृश्य पदार्थाविषयी निष्कर्ष काढला आहे. ती म्हणाली, "काही सापडले तर शोध. काही न सापडणे हा शोध कसा?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथेच, व्हरांड्यात, देऊन टाकले. दुसऱ्याने आम्हाला तीन आठवडे स्वस्थ बसू दिले नाही. त्याचे कारण शास्त्रात नव्हते, हे आता कळते.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात सांगतो. विश्वाचा आरंभ एका अतिशय दाट, सूक्ष्म अवस्थेतून झाला ही कल्पना मांडणाऱ्यांत बेल्जियमचे जॉर्ज लेमेत्र अग्रभागी होते, आणि ते आपल्यासारखेच कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात, या सिद्धांताने जणू सृष्टीच्या निर्मितीची साक्षच मिळाली, अशा आशयाचे उद्गार काढले. लेमेत्र यांना ते रुचले नाही. सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धाही बदलायची काय, ही त्यातली अडचण. अदृश्य पदार्थाचेही तसेच आहे. तो मोजता येतो, तपासता येतो, आणि कदाचित उद्या चुकीचाही ठरेल. परमेश्वर हा मोजणीतला राहिलेला हिशेब नव्हे. म्हणून ते उदाहरण आम्ही व्यासपीठावरून देत नाही आणि देणारही नाही.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी थोडे आकाशात जावे लागेल, कंटाळू नये.

गोफणीत दगड घालून फिरवला तर दोरी त्याला धरून ठेवते. वेग वाढवत नेला आणि दोरी कमकुवत असली तर दगड सुटतो. दीर्घिकांमधले तारे असेच केंद्राभोवती फिरत असतात आणि गुरुत्वाकर्षण ही त्यांची दोरी. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या एका समूहात, आणि १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांमधील ताऱ्यांच्या बाबतीत पाहिले, की वेग फार आहे आणि जेवढा पदार्थ दिसतो तेवढ्याची दोरी पुरेशी नाही. तरी दगड सुटत नाही. म्हणजे न दिसणारे काहीतरी धरून ठेवणारे आहे. त्याला कृष्णपदार्थ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण तो काळा नसून काचेहूनही आरपार आहे. प्रकाश त्यातून निघून जातो. आजच्या हिशेबाने विश्वातल्या सगळ्या पदार्थापैकी सुमारे ८५ टक्के तो आहे, आणि तो कशाचा बनला आहे हे कोणालाच ठाऊक नाही. जमिनीखाली खोल खाणींत यंत्रे ठेवून वर्षानुवर्षे त्याच्या कणाची वाट पाहणे चालू आहे.

दुसरी गोष्ट न्यूट्रॉन ताऱ्याची. मोठा तारा स्फोट होऊन मेला की कधीकधी त्याचा गाभा मागे राहतो. वजन आपल्या सूर्याच्या दीडपटीच्या आसपास आणि आकार वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे संगमनेरहून निघून चंदनापुरी घाट ओलांडून थोडे पुढे जावे एवढाच. त्यातला चमचाभर पदार्थ अब्जावधी टन भरेल. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत एकमेकांवर आदळले, की अवकाशाचे कापडच हलते. ती थरथर म्हणजे गुरुत्वीय लहर. अमेरिकेतील लायगो नावाच्या दोन वेधशाळा चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांतून लेझर सोडून ती टिपतात. नळीच्या लांबीत होणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. तिसरी तशीच लायगो आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. अशा लहरी गोंगाटातून कशा ओळखायच्या याचे गणित पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारासच मांडायला घेतले होते, जेव्हा लहर सापडेल याची खात्री फार थोड्यांना होती.

१७ ऑगस्ट २०१७ या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर प्रथम टिपली गेली. टक्कर १३ कोटी प्रकाशवर्षे दूर झाली होती. पुढे खोडदच्या तबकड्यांनीही त्या जागेकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा माग घेतला, मुलांना तिथे ते सांगितले गेले असेलच. पण त्या दिवसाची एक गोष्ट आम्हाला सगळ्यांत विलक्षण वाटते. अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंना लहर स्पष्ट ऐकू आली. इटलीत पिसा शहराजवळ व्हर्गो नावाची तिसरी वेधशाळा आहे, तिला जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. कोणी म्हणाले असते, की यंत्र बिघडले असेल, सोडून द्या. पण तीनच दिवस आधी, १४ ऑगस्टला, याच व्हर्गोने दुसरी एक लहर व्यवस्थित टिपली होती. यंत्र ठीक होते. मग ऐकू का आले नाही? तर अशा प्रत्येक यंत्राला आकाशाच्या काही दिशा ऐकू येत नाहीत. लहर त्यातल्याच एका दिशेने आलेली असली पाहिजे. या न ऐकू येण्यामुळे शोधायची जागा आकाशाच्या एका लहानशा तुकड्यापुरती उरली, आणि अकरा तासांच्या आत चिलीमधल्या दुर्बिणीने ती टक्कर प्रत्यक्ष पाहिली.

आता मुंबईची हकिगत. खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तिच्याच कुलाब्यातील सुलग्ना भट्टाचार्य आणि बासुदेब दासगुप्ता, बंगळूरचे रंजन लाहा, आणि त्या वेळी अमेरिकेत असलेले अनुपम रे यांनी २०२३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विचार असा. कृष्णपदार्थाचे कण जर जड असतील, एकमेकांना नष्ट करत नसतील, आणि नेहमीच्या पदार्थाशी अगदी किंचित जरी धडकत असतील, तर न्यूट्रॉन ताऱ्यातून जाताना ते अडकतील. त्याच्याइतका दाट चाळणीचा पडदा दुसरा नाही. कोट्यवधी वर्षांत ते ताऱ्याच्या पोटात साठतील, तिथे एक चिमुकले कृष्णविवर तयार होईल आणि ते ताऱ्याला आतून खाऊन टाकेल, घूस कणगी आतून रिकामी करते तसे. वजन तेवढेच राहील, पण ताऱ्याच्या जागी कृष्णविवर उरेल. ताऱ्यांच्या नेहमीच्या मरणातून होणारी कृष्णविवरे याहून जड असतात, त्यामुळे अशी हलकी कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर लायगोला ती वेगळी कळायला हवीत. लायगोच्या तोवरच्या नोंदींत अशी एकही टक्कर नव्हती.

यावरून त्यांनी कृष्णपदार्थ नाहीच असे म्हटले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की कण अमुक इतका जड असेल आणि अमुक प्रमाणाहून अधिक धडकत असेल, तर आतापर्यंत या टकरी ऐकू यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत, म्हणून तेवढ्या शक्यता खोडून टाका. अशा ताऱ्यांच्या जोड्या किती असतील, त्या किती जुन्या, याविषयी त्यांनी काही गृहीत धरले आहे आणि तेही सांगून टाकले आहे. यंत्र आणखी काही वर्षे ऐकत राहिले आणि तरी काही ऐकू आले नाही, तर खोडायची रेघ आणखी पुढे सरकेल.

आम्ही त्या मुलीला सांगितले, की यात नवल असे काही नाही, आपल्या देशातल्या पंडितांनी हे फार पूर्वी ओळखले होते. पुण्याला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना भारतीय दर्शनांत 'अनुपलब्धी' नावाचा धडा असे. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कशाने कळते? कुमारिल भट्टांचे मीमांसक म्हणत, न आढळणे हे स्वतंत्रच प्रमाण आहे. नैयायिक त्याला वेगळे प्रमाण मानत नसत. पण अट दोघांचीही एकच. न आढळणे 'योग्य' असले पाहिजे, म्हणजे 'असता तर दिसला असता' असे म्हणता आले पाहिजे. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, घडा ही दिसण्याजोगी वस्तू आहे, आणि तरी दिसत नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर त्यावरून काही ठरत नाही. पिशाच दिसले नाही म्हणून ते नाही असेही ठरत नाही, कारण ते मुळी दिसण्याजोगे मानलेलेच नाही. परीक्षेत याला आम्हाला बरे गुण पडले होते.

हे सगळे तिला समजावून सांगत असताना आमच्या मनात मात्र एक लोखंडी पेटी उघडी पडली होती.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. गावाचे नाव सांगत नाही. देवळाची उघडझाप, झाडलोट, मेणबत्त्या, घंटा हे सगळे पाहणारे एक गृहस्थ तिथे होते, सगळे त्यांना काका म्हणत. सणाच्या दिवशीचे दान मोजून, ११,४०० रुपये एका पाकिटात घालून आम्ही ते सॅक्रिस्टीच्या कपाटात ठेवले. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक आमच्याकडे आणि एक काकांकडे. तिसऱ्या दिवशी बँकेत भरायला गेलो तर पाकीट नाही.

समितीची बैठक झाली. कोणी सरळ आरोप केला नाही. काकाच उठून म्हणाले, माझे घर बघा. आम्ही पाच जण गेलो. घर म्हणजे दीड खोली. त्यांनी स्वतः पेटी ओढून मध्ये आणली, कपडे एकेक करून बाहेर काढले, धान्याचे डबे उपडे केले, पोस्टाचे पासबुक पुढे धरले. त्यांची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिने एक शब्द काढला नाही. काहीच सापडले नाही. कपडे पुन्हा पेटीत भरायला आमच्यापैकी कोणी हात लावला नाही, हेही आठवते.

बाहेर पडल्यावर कोणीतरी म्हणाले, "घरात कोण ठेवील?" मग त्यांच्या मेहुण्याच्या गावी विचारणा झाली, दुकानांच्या उधाऱ्या पाहिल्या, तिथेही काही नाही. त्यावर गावातले म्हणणे असे झाले, की माणूस दिसतो तेवढा साधा नाही, पक्का आहे. पाहा बंधुभगिनींनो, दर वेळी काही न सापडणे हे त्यांच्या बाजूने जमा व्हायला हवे होते, ते दर वेळी त्यांच्या नावावर खर्ची पडत गेले. सापडले असते तर चोर, न सापडले तर हुशार चोर. कोणताही पुरावा आला तरी ज्या संशयाची रेघ एकाच बाजूला सरकते, त्याला चौकशी म्हणता येत नाही. तेव्हाही आम्हाला तर्कशास्त्र येत होते.

आणि व्हर्गोची बहिरी दिशा? ती आम्ही होतो. दोन किल्ल्यांपैकी एक आमच्याकडे होती. आमची खोली, आमचे टेबल, कागदांचे गठ्ठे कोणी पाहिले नाहीत. फादरांची खोली कोण पाहणार? आम्हीही, या आणि पाहा, असे म्हटले नाही. समितीतल्या कोणाचे घर पाहिले गेले नाही, आणि त्या रात्री सॅक्रिस्टीला कुलूप होते की नुसती कडी, हेही कोणी विचारले नाही. जिथे पाहिलेच नाही तिथले न सापडणे कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. जिथे पाहिले तिथे भर उजेडात, पाच माणसांनी, धान्याच्या डब्यापर्यंत पाहिले होते. पैसे तिथे असते तर दिसले असते.

ते पैसे आजपर्यंत सापडले नाहीत. काकांनी घेतले नाहीत असे सिद्ध झाले का, असे आपण विचाराल. नाही झाले. मुंबईच्या त्या निबंधाप्रमाणे आम्हीही तेवढेच म्हणू शकतो, की अमुक ठिकाणी, अमुक इतक्या बारकाईने पाहिले आणि काही आढळले नाही, म्हणून संशय तेवढा कमी करावा. पण तेवढे तरी कुठे म्हटले? नोंदवहीत आमच्या हातचे एक वाक्य आहे: 'रक्कम सापडली नाही, चौकशी थांबविली.' घर पाहिले, काही आढळले नाही, हे त्यात नाही. काकांची किल्ली 'सध्यापुरती' म्हणून आम्ही मागून घेतली आणि परत दिली नाही. त्यांनी काही विचारले नाही. चार महिन्यांनी ते बायकोला घेऊन नाशिकरोडला मुलाकडे राहायला गेले. निघताना भेटायला आले होते, आम्ही बाहेरगावी होतो. खरेच बाहेरगावी होतो, पण ते आम्हाला आधी माहीत होते.

आपल्यातले काही जण म्हणतील, फादरांनी हे पत्रकात कशाला लिहावे, पापनिवेदनात सांगावे. तिथे ते सांगून झाले आहे. क्षमा मिळाली म्हणून दुसऱ्याचे नाव आपोआप धुऊन निघत नाही, त्याला वेगळे श्रम पडतात. आणि आपल्याही धर्मग्रामात गेल्या वर्षभरात एका कुटुंबाविषयी जे बोलले जाते ते आमच्या कानावर आहे. कोणी काही पाहिलेले नाही. तरी बोलणे थांबत नाही. कोणी त्यांच्या घरापर्यंत जाऊन विचारल्याचेही ऐकिवात नाही.

त्या जुन्या धर्मग्रामात आता जे फादर आहेत, त्यांना आम्ही पत्र लिहिले. काकांच्या घराची पाच जणांसमक्ष झडती झाली, ती त्यांनी स्वतः देऊ केली होती, आणि तीत काहीही आढळले नाही, असे तारखेसह नोंदवहीत आमच्या सहीने लिहून घ्यावे, अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली आणि काकांच्या मुलाचा पत्ताही मिळवून दिला. काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. संगमनेरहून नाशिकरोड एस.टी.ने दोन तासांच्या आत आहे, आणि आम्हाला इथे येऊन तीन वर्षे झाली.

येत्या मंगळवारी सकाळची मिस्सा साडेसहाऐवजी सहा वाजता होईल. आम्हाला सातची नाशिक गाडी गाठायची आहे.

आपले धर्मगुरू